निळ्या अक्षरांची पेढी

व्यापारी संकेतस्थळ कसे असावे याविषयी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या सर्वांच्या मनात एक कल्पना घट्ट बसून गेली आहे, आणि ती मनात बाळगून जो कोणी क्रेग्जलिस्टचे पान पहिल्यांदा उघडील त्याला ते अर्धवट राहून गेलेले आहे असेच वाटेल. पांढऱ्या पृष्ठभागावर निळ्या अक्षरांतील शब्दांचे उभे रकाने, कडेला एक लहानशी दिनदर्शिका, आणि संपले; हलते चित्र नाही, जाहिरातीची पट्टी नाही, मागल्या खेपेस आपण काय पाहिले होते याची लाघवी आठवण नाही, की 'आता केवळ दोनच नग शिल्लक' असा धाकही नाही. घरे, नोकऱ्या, विक्रीच्या वस्तू, सेवा, फुकट द्यावयाचे सामान अशी सदरे ओळीने मांडलेली आहेत, आणि प्रत्येक सदराच्या पोटात लोकांनी आपापल्या हाताने लिहिलेला मजकूर आहे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. सॅन फ्रान्सिस्को येथील ही पेढी १९९५ पासून चालत आली आहे, आणि तिच्या दर्शनी रूपात तेव्हापासून इतका थोडा फरक पडला आहे की, ज्या शहरात दर सहा महिन्यांनी नव्या युगाची द्वाही फिरते त्या शहरात ती अजून उभी आहे याचेच नवल वाटावे. ती नफ्यात चालत आली आहे, आणि तिचा नोकरवर्ग काही डझनांपलीकडे कधी गेलेला नाही, या दोन गोष्टी मात्र व्यापारी मंडळींनी एकत्र वाचाव्यात.

क्रेग न्यूमार्क हा गृहस्थ मूळचा न्यू जर्सीचा. सतरा वर्षे आयबीएममध्ये संगणकाचे काम करून १९९३ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत आला. नव्या शहराची ओळख होत असताना, १९९५ च्या प्रारंभी, त्याने आपल्या मोजक्या स्नेह्यांना गावात होणाऱ्या कलाविषयक आणि तंत्रविषयक कार्यक्रमांची माहिती ईमेलने कळविण्यास सुरुवात केली. यात व्यापाराचा हेतू यत्किंचितही नव्हता. पुढे वाचणाऱ्यांनीच 'आमच्या कचेरीत एक जागा रिकामी आहे, तेवढे कळवून टाका', 'एक खोली भाड्याने द्यावयाची आहे', अशी भर घालावयास आरंभ केला, आणि न्यूमार्क ती भर निमूटपणे घालू देत गेला. १९९६ मध्ये ही यादी संकेतस्थळाच्या रूपाने सर्वांस खुली झाली, १९९९ मध्ये रीतसर कंपनीची नोंदणी झाली, आणि २००० च्या अखेरीस जिम बकमास्टर नावाच्या संगणकतज्ज्ञाच्या हाती सर्व कारभार सोपवून न्यूमार्क स्वतः गिऱ्हाइकांच्या तक्रारी पाहण्याच्या मेजावर जाऊन बसला. संस्थापकाने मुख्याधिकाऱ्याची खुर्ची सोडून सन्माननीय सल्लागार होणे आपल्या परिचयाचे आहे. त्याने तक्रारींचे टपाल उघडत वर्षानुवर्षे बसून राहणे, न्यूयॉर्कमधील घरदलाल खोट्या जाहिराती देऊन लोकांना कसे चकवितात याचा स्वतः पाठपुरावा करणे, हे मात्र अपूर्व म्हटले पाहिजे. आपल्या मालाविषयी गिऱ्हाईक काय म्हणते हे जाणून घेण्यासाठी मोठमोठ्या कंपन्या पाहणी करणाऱ्या संस्थांना पैसे मोजतात. या गृहस्थाला ते दररोज सकाळी आपोआप, आणि बहुधा शिव्यांसह, कळत असे.

या बाजारातील व्यवहार प्रत्यक्षात कसा घडतो हे एकदा जवळून पाहिले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीव्हेल किंवा फ्रीमॉन्टच्या बाजूस नोकरीनिमित्त चार-सहा वर्षे राहिलेले आणि आता पुण्यास परत निघालेले एखादे मराठी कुटुंब घ्या. त्या भागात अशी कुटुंबे मुबलक आहेत, आणि त्यांच्या घरातील निम्मे सामान ज्या वाटेने आलेले असते त्याच वाटेने जात असते. सहा खुर्च्यांचे जेवणाचे मेज विकावयाचे आहे. घरधनीण भ्रमणध्वनीवर तीन छायाचित्रे काढते, त्यांतील एकात मेजाच्या कोपऱ्यावरचा भाजल्याचा डाग मुद्दाम दिसेल असा ठेवते, किंमत १२० डॉलर लिहिते, आणि खाली आणखी तीन वाक्ये: पैसे रोख, घर दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नाही, तेव्हा उचलावयास माणूस बरोबर आणा, शनिवारपूर्वी नेले पाहिजे. जाहिरातीस एक पैसा पडत नाही. तिचा ईमेलचा पत्ता कोणास दिसत नाही. कंपनी मध्ये एक तात्पुरता, वेड्यावाकड्या अक्षरांचा पत्ता उभा करते आणि टपाल त्या आडून पोहोचविते. तासाभरात पाच जण 'अजून आहे का?' एवढेच विचारतात, त्यांपैकी तिघे पुढे बेपत्ता होतात, चौथा ऐंशी देऊ म्हणतो, आणि पाचवा आपल्या भावाला घेऊन छोटी मालमोटार दारात उभी करतो, मेज हलवून पाहतो, डागावर बोट ठेवतो, शंभरावर तोडतो, आणि घेऊन जातो. मेज विकले गेले की नाही, कितीस गेले, कोणी नेले, यांतील एकही गोष्ट कंपनीला कळत नाही, आणि कळावी अशी तिची इच्छाही नाही.

या शेवटच्या वाक्यात त्या धंद्याचे सारे मर्म साठविलेले आहे असे मला वाटते. विक्रीवर दलाली घ्यावयाची म्हटली की विक्री झाली हे कळले पाहिजे. ते कळण्यासाठी पैसा आपल्या हातून गेला पाहिजे. पैसा हातून गेला की तंटे आपल्या दारी येणार, परताव्याचे नियम करावे लागणार, नियम मोडणाऱ्यांवर नजर ठेवणारे खाते उभारावे लागणार, आणि त्या खात्याचा पगार भागविण्यासाठी दलाली वाढवावी लागणार. क्रेग्जलिस्ट पहिलीच पायरी चढली नाही, म्हणून उरलेल्या पायऱ्या तिला बांधाव्या लागल्या नाहीत. गुदाम नाही, वाहतूक नाही, हमी नाही, विकणाऱ्याच्या नावापुढे तारे नाहीत. कामे वाढवून पुढे काटकसरीची तजवीज करण्याऐवजी, जे काम न केल्याने कोणाचे फारसे अडत नाही ते मुळातच अंगावर न घेण्याची ही रीत आहे. आणि ती दिसते तितकी सोपी नाही, कारण दलाली घेण्याचा मोह ज्याला दररोज होत नाही असा दुकानदार विरळाच.

मग पैसा येतो कोठून? येथे या पेढीचे चातुर्य दिसून येते. नोकर शोधणाऱ्या कंपन्यांकडून जाहिरातीची फी घ्यावयाची, आणि तीही प्रथम केवळ सॅन फ्रान्सिस्कोत. ती पुढे दर जाहिरातीस ७५ डॉलर झाली, आणि वृत्तपत्रात तशीच जाहिरात द्यावयाची तर त्याच्या कितीतरी पट खर्च येत असल्याने देणाऱ्यास ती कधी जड वाटली नाही. २००६ पासून न्यूयॉर्कमधील घरदलालांवर दर जाहिरातीस १० डॉलर बसविण्यात आले. या दहा डॉलरांचा हेतू केवळ वसुली हा नव्हता. फुकट असताना एकच जागा दिवसातून वीसदा झळकविणारा दलाल, प्रत्येक वेळी दहा डॉलर पडू लागताच एकदाच झळकवू लागतो, आणि पान आपोआप स्वच्छ होते; २०१९ मध्ये मोटारींच्या खासगी विक्रीवर पाच डॉलर बसले तेही याच धर्तीवर. जुने मेज विकणाऱ्यावर मात्र कधीच काही बसले नाही. जत्रेला येणाऱ्या माणसाकडून कोणी पैसे मागत नाही, जागेचे भाडे वसूल होते ते पाळणेवाल्याकडून; कारण माणसे आली नाहीत तर पाळणेवाला येणार नाही, हे जत्रा भरविणाऱ्यास पक्के ठाऊक असते. मेजे आणि खुर्च्या गर्दी आणतात, गर्दी मालकांना आणते, आणि मालकांकडून पैसा येतो. गर्दीच्या उगमावर जकातनाका बसविण्याची बुद्धी अनेक कंपन्यांना पुढे झाली, आणि मग गर्दी का ओसरली याचा शोध घेण्यास त्यांनी सल्लागार नेमले.

डिसेंबर २००६ मध्ये यूबीएस या पेढीने न्यूयॉर्कला भरविलेल्या एका परिषदेत बकमास्टर वॉल स्ट्रीटच्या विश्लेषकांपुढे उभा राहिला. तुमचे उत्पन्न कमाल मर्यादेपर्यंत कसे नेणार, या त्यांच्या प्रश्नास त्याने, तसा आमचा काही विचारच नाही, अशा आशयाचे उत्तर दिले, आणि सभेस ते उत्तर समजले नाही. पट्टीच्या जाहिराती लावल्या तर कोट्यवधी डॉलर मिळतील, हे त्याला कोणी सांगावयास पाहिजे होते असे नाही. वापरणाऱ्यांनी त्या मागितलेल्या नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याला हे म्हणणे परवडले, कारण कंपनीचे भाग बाजारात विकावयास काढलेले नव्हते आणि कोणाचे कर्ज डोक्यावर नव्हते. संयम हा गुण असला तरी तो निभावण्यासाठी भागभांडवलाची रचना त्याला अनुकूल असावी लागते. परक्या पैशावर धंदा वाढविणाऱ्याने क्रेग्जलिस्टच्या साधेपणाचे अनुकरण करण्यापूर्वी आपले करारपत्र एकदा वाचून पाहावे.

हा धडा खुद्द क्रेग्जलिस्टला न्यायालयात शिकावा लागला. २००४ मध्ये कंपनीच्या एका माजी नोकराजवळचा हिस्सा विकला जाऊन सुमारे २८ टक्के भाग ईबे या बलाढ्य लिलाव-कंपनीच्या हाती गेले. २००७ मध्ये ईबेने अमेरिकेत किजिजी नावाचे अगदी तशाच छोट्या जाहिरातींचे संकेतस्थळ उघडले. म्हणजे ज्याला आपण घरात भागीदार म्हणून घेतले त्याने समोरच्या ओट्यावर तेच दुकान मांडले. न्यूमार्क आणि बकमास्टर यांनी घाईघाईने नवे भाग काढून ईबेचा हिस्सा पातळ केला, २००८ मध्ये दोन्हीकडून फिर्यादी झाल्या, आणि २०१० मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने असा निवाडा दिला की, समाजहिताची तुमची दृष्टी कितीही प्रशंसनीय असली तरी तुम्ही नफ्यासाठी स्थापिलेली कंपनी पत्करली आहे, भागधारकांचे पैसे घेतले आहेत, आणि तेव्हा त्यांच्या हिताकडे पाठ फिरविण्याचे धोरण तुम्हाला कायद्याच्या आधारे राखता येणार नाही. नव्या भागांची ती तजवीज बहुतांशी रद्द झाली. अखेर २०१५ मध्ये क्रेग्जलिस्टने ईबेचा हिस्सा विकत घेऊन घर पुन्हा आपले करून घेतले.

आता या साधेपणाने कोणाचे काय गेले तेही पाहिले पाहिजे. आपल्याकडील वृत्तपत्रांतील 'छोट्या जाहिराती' वाचकांच्या परिचयाच्या आहेत. अमेरिकेत, विशेषतः रविवारच्या अंकात, त्यांची पानेच्या पाने असत, आणि नगरपालिकेच्या सभेचा वृत्तान्त लिहिणाऱ्या बातमीदाराचा पगार वस्तुतः त्या पानांतून निघे. रॉबर्ट सीमन्स आणि फेंग झू या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००० ते २००७ या काळात क्रेग्जलिस्टमुळे जाहिरातदारांचे सुमारे पाच अब्ज डॉलर वाचले. वाचले याचा दुसऱ्या बाजूने अर्थ वृत्तपत्रांचे तेवढे गेले. ज्या गावी क्रेग्जलिस्ट पोहोचली तेथील वृत्तपत्रांनी वर्गणी वाढविली असेही त्याच अभ्यासात आढळले. म्हणजे खुर्ची विकणाऱ्याची जी सवलत झाली तिचा काही भाग वाचकाने भरला. या पाच अब्जांतील किती अल्प अंश क्रेग्जलिस्टच्या तिजोरीत गेला हे पाहिले म्हणजे हा प्रकार लुटीचा नव्हता हे उघड होते. तिने तो धंदा बळकावला नाही, नाहीसा केला. वृत्तपत्रांच्या मालकांनी दोन निराळ्या वस्तू एकाच पुडक्यात बांधून वर्षानुवर्षे मक्तेदारीच्या भावाने विकल्या होत्या, आणि पुडके कोणीतरी सोडील हा विचार त्यांच्या मनात शिवला नव्हता. ज्याचे उत्पन्न अशा बांधलेल्या पुडक्यावर अवलंबून आहे त्या प्रत्येक व्यावसायिकाने, मग तो शिकवणीवर्ग असो की रुग्णालय, ही कथा वाचून थोडे अस्वस्थ व्हावे. २०१८ मध्ये न्यूमार्कने न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयास दोन कोटी डॉलर दिले आणि ते विद्यालय आता त्याच्या नावाने चालते. याला कोणी प्रायश्चित्त म्हणेल, पण त्याने स्वतः तसे म्हटलेले नाही, आणि आपणही ते त्याच्या तोंडी घालू नये.

जुन्या वस्तूंच्या व्यापारात एक मूळची अडचण आहे, आणि तिच्यावर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये लिहिलेला निबंध पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकास कारण झाला. जुन्या मोटारीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. म्हणून घेणारा प्रत्येक मोटार खराबच असेल असे धरून भाव पाडतो. त्या पडलेल्या भावात चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही. आणि बाजारात खरोखरीच खराब गाड्या तेवढ्या उरतात. यावर ईबेने तोड काढली ती गुणांकनाची, कारण तिचे विकणारे आणि घेणारे एकमेकांपासून हजार मैलांवर असत. क्रेग्जलिस्टने प्रत्येक शहराचा फलक निराळा ठेवला, आणि तेवढ्यानेच अडचणीचा मोठा भाग सुटला: माणूस येतो, मेज हलवून पाहतो, डागावर बोट ठेवतो. जे काम हमीपत्रांनी आणि ताऱ्यांनी करावयाचे ते माणसाच्या डोळ्यांवर सोपविले गेले. वाईट जाहिरातींवर खूण करण्याची मुभा वापरणाऱ्यांनाच दिलेली आहे, आणि पुरेशा खुणा झाल्या की जाहिरात उतरते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फिरलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. तेथेही पंखा विकत घेणारा आधी तो लावून दाखवा म्हणतो.

वस्तूचे मोल घेणाऱ्यागणिक किती बदलते याचे एक गमतीचे उदाहरण याच संकेतस्थळाच्या अदलाबदलीच्या सदरातून निघाले. माँट्रियलच्या काइल मॅकडोनल्ड नावाच्या तरुणाने २००५ मध्ये कागद अडकविण्याची एक लाल टाचणी देऊन माशाच्या आकाराची लेखणी घेतली, लेखणी देऊन दाराची मूठ, मूठ देऊन सहलीची शेगडी, शेगडी देऊन जनित्र, आणि अशा चौदा अदलाबदलींनंतर २००६ मध्ये कॅनडाच्या सॅस्कॅचवन प्रांतातील किपलिंग या गावी एक घर मिळविले. यात प्रसिद्धीचा वाटा मोठा होता हे कबूल; तरी आरंभीच्या पायऱ्या प्रसिद्धीवाचूनच चढल्या गेल्या, आणि त्या चढता आल्या कारण मध्ये उभा राहून प्रत्येक अदलाबदलीवर आपला वाटा मागणारा कोणी नव्हता.

परंतु साधेपणा आणि आळस यांच्यामधली रेषा फार बारीक असते. भाड्याची घरे नकाशावर पाहावयास मिळावीत ही लोकांची रास्त इच्छा होती. ती पॅडमॅपर या छोट्या संकेतस्थळाने क्रेग्जलिस्टच्या जाहिराती घेऊन पुरी केली, तेव्हा २०१२ मध्ये क्रेग्जलिस्टने त्याच्यावर फिर्याद ठोकली, आणि त्याच वर्षी स्वतः नकाशा आणला. गिऱ्हाइकाच्या मागणीवाचून काही करावयाचे नाही हे तत्त्व चांगले. पण मागणी दुसऱ्याने पुरविल्यावरच ती ऐकू यावी, हे त्या तत्त्वाचे वैगुण्य झाले. क्रेग्जलिस्टच्या एकेका सदरातून एकेक कंपनी निघून मोठी झाली असे तिकडे म्हटले जाते, आणि ते बरेचसे खरे आहे: नोकऱ्यांसाठी निराळी, हस्तकलेसाठी निराळी, घरातील रिकामी खोली पाहुण्यास देण्यासाठी निराळी, यांतील शेवटच्या, एअरबीएनबीने, आपल्या यजमानांच्या जाहिराती आरंभी क्रेग्जलिस्टवरच चढविण्याची सोय ठेवली होती. २०१६ मध्ये फेसबुकने आपला बाजार उघडला, तेव्हा विकणाऱ्याचे नाव आणि चेहरा, निदान बनावट नसेल तर, समोर दिसू लागला, आणि मेजखुर्च्यांचा बराच व्यापार तिकडे वळला.

आपल्या देशात क्रेग्जलिस्टचे पान पोहोचले पण गर्दी पोहोचली नाही. मुंबईचे, पुण्याचे, गोव्याचेही पान तिच्यावर आहे. ते उघडून पाहिले तर तेथील शुकशुकाट पाहून वाईट वाटते. आपल्या सामान्य माणसास ईमेलची सवय कधी लागलीच नाही. त्याचा व्यवहार बोलून होतो, आणि जुन्या फ्रिजचा भाव फोनवर दोन वाक्ये बोलल्यावाचून ठरत नाही. हे ज्यांनी ओळखले त्यांत ओएलएक्स आणि क्विकर या दोन कंपन्या प्रमुख होत. यांतील क्विकरचा जन्म २००८ मध्ये किजिजी इंडिया या नावाने झाला, म्हणजे अमेरिकेत ज्या दुकानावरून कोर्टकज्जा चालू होता त्याच घराण्यातील हे अपत्य. तिने पुढे घरे, नोकऱ्या, मोटारी, घरकामाच्या सेवा अशी स्वतंत्र खाती उघडली, २०१६ मध्ये कॉमनफ्लोअरसारखी कंपनी गिळली, आणि या विस्ताराच्या ओझ्याखाली तिचे मोल पुढे उतरत गेले. ओएलएक्सने दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून 'बेच दे' हे दोन शब्द घराघरांत नेले, आणि काही काळ या कंपनीचे नाव म्हणजेच जुने सामान विकण्याची क्रिया असा अर्थ रूढ झाला. नंतर तिलाही स्वतः मोटारी विकत घेऊन विकण्याचा मोह झाला. २०२३ मध्ये तिचा भारतातील कारभार मुंबईच्या कारट्रेड कंपनीने सुमारे ५३७ कोटी रुपयांस घेतला, आणि घेतल्यानंतर काही महिन्यांतच मोटारी खरेदी करण्याचा तो धंदा बंद करून जाहिरातींचा फलक तेवढा चालू ठेवला. मालाचा साठा करणे आणि मालाची वार्ता देणे हे दोन भिन्न व्यवसाय आहेत; पहिल्यात भांडवल अडकते, दुसऱ्यात अडकत नाही. आपल्याकडील अडत्यांच्या घराण्यांतील मुनीम हे पदवीवाचून जाणत होते.

राहता राहिला तो जबाबदारीचा प्रश्न, आणि त्याबाबतीत मला या साध्या बाजारांची भलामण करता येत नाही. जी कंपनी व्यवहारात पडत नाही ती व्यवहारातील घातपातातही पडत नाही, हे तिच्या हिशेबाने बरोबर असले तरी ज्याचा घात झाला त्याच्या हिशेबाने नाही. २००९ मध्ये बोस्टनच्या एका हॉटेलात क्रेग्जलिस्टवर जाहिरात देणाऱ्या तरुणीचा खून झाला, राज्याराज्यांचे महाधिवक्ते मागे लागले, आणि २०१० मध्ये प्रौढांसाठीच्या सेवांचे ते बदनाम सदर बंद करावे लागले. २०१८ मध्ये संकेतस्थळांना अशा जाहिरातींस जबाबदार धरणारा नवा कायदा अमेरिकी काँग्रेसने मंजूर करताच स्नेह जुळविण्याची सर्वच सदरे कंपनीने काढून टाकली. आपल्याकडे अशाच फलकांवर एक निराळी फसवणूक माजली. मी सैन्यात अधिकारी आहे, बदली झाली आहे, सामान पाहावयास येता येत नाही पण भाव मान्य आहे, असे गोड हिंदीत सांगणारा माणूस विकणाऱ्यास क्यूआर कोडचे, चौकटीचे एक चित्र पाठवितो आणि पैसे मिळण्यासाठी ते टिपून पिन दाबावयास सांगतो. पिन दाबताच पैसे येण्याऐवजी जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ही एक ओळ संभाषणाच्या खिडकीत ठळक अक्षरांत दाखविण्यास कोणताही कारखाना उभारावा लागत नाही. कोणते काम अंगावर घ्यावयाचे नाही याची यादी करणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने, ते काम मग कोणाच्या अंगावर पडते, हा रकाना त्या यादीत जोडावयास पाहिजे होता. तो बहुधा कोणी जोडीत नाही.

अमेरिकेतील कित्येक गावांत आता पोलीस ठाण्याच्या आवारात मोटारी लावण्याच्या दोन-तीन जागा रंगाने आखून, वर दिवा आणि कॅमेरा बसवून, ऑनलाइन ठरलेली खरेदी-विक्री येथे येऊन करा अशी पाटी लावलेली असते. विकणारा भ्रमणध्वनीचा डबा घेऊन येतो, घेणारा नोटा मोजतो, दोघे दोन दिशांना जातात. त्या दिव्याचे वीजबिल आणि त्या कॅमेऱ्याची देखभाल गावाच्या खजिन्यातून होते. जाहिरात फुकट होती, भेट फुकट झाली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी जुने मेज विकलेले नाही असे करदातेही तिचा खर्च भरीत असतात.